दाऊद टेलरचा दगडी चेहरा

"बकरी ईदच्या आत शरीफच्या डब्यातलं शेवटचं बटण माझ्या डब्यात आलं नाही, तर दुकानावरची 'दाऊद टेलर' ही पाटी उतरवीन आणि तिथे 'दाऊद धोबी' लिहीन!"

ही प्रतिज्ञा दाऊदभाईंनी जव्हारच्या बाजारपेठेत, भर दुपारी, तोंडात चार टाचण्या धरून केली. तोंडात टाचण्या असताना शहाणा माणूस जांभईसुद्धा देत नाही. पण दाऊदभाई त्या दिवशी शहाणे राहिलेच नव्हते. त्यांना पोकरनं झपाटलं होतं!

त्र्याहत्तर सालचा हिवाळा होता. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की दुकान बंद व्हायचं आणि कापड बेतायचं टेबल मोकळं व्हायचं. त्याच्याभोवती तीन खुर्च्या. एकीवर दाऊदभाई. दुसरीवर भिका मास्तर, दाभोशाच्या बाजूला शाळेवर होते, सकाळची शाळा सोडून जीपच्या मागे लोंबकळत यायचे. आणि तिसरीवर शरीफ! शरीफ वीस वर्षं बोटीवर खानसामा होता. जगातली सगळी बंदरं त्यानं पाहिली होती. म्हणजे बटाटे सोलता सोलता गोल खिडकीतून पाहिली होती. नोकरी सोडून गावी आला तेव्हा लोकांना वाटलं, आता घड्याळं काढील, रेडिओ काढील. त्यानं पेटीतून काढला पत्त्यांचा एक जोड.

तोवर जव्हारात मेंढीकोट चालायचं, फार तर तीन पत्ती. पोकर हे प्रकरण नवीन. हातात पाच पत्ते, नको असतील ते बदलून घ्यायचे, ज्याचा डाव भारी तो जिंकला. एवढंच असतं तर ठीक होतं. पण यात हातात काही नसताना आहे असं भासवता येतं! शरीफ त्याला 'हूल' म्हणायचा. एकदा त्यानं असा काही रुबाबात बटणांचा डबा पुढे सरकवला की दाऊदभाईंनी घाबरून तीन राजे खाली ठेवले. तीन राजे! मग शरीफनं आपले पत्ते उघडले. दुर्री, चौकी, सत्ती, आणि आणखी दोन अशीच अनाथ पोरं.

दुसऱ्या कुणी टेबल उलथवलं असतं. दाऊदभाई मात्र पहिल्यांदा दाभोशाचा धबधबा बघणाऱ्या माणसासारखे तोंड उघडं टाकून बसून राहिले.

"शरीफ," ते हळूच म्हणाले, "हे... हे शिकता येतं?"

"शिकता येतं, भाई. पण अभ्यास करावा लागतो. बोटीवर एक कप्तान होता, तो रात्रंदिवस माणसांची तोंडं वाचायचा. पत्ते बघायचाच नाही!"

दाऊदभाईंच्या अंगावर काटा आला.

खेळात पैसा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दाऊदभाईंच्या बायकोनं, झरीनाबीनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "टेबलावर पैसा दिसला तर ते टेबल चुलीत घालीन आणि त्यावर तुमचीच भाकर भाजीन." म्हणून मग बटणं. शर्टाचं पांढरं बटण म्हणजे एक, कोटाचं काळं म्हणजे दहा, आणि फॉरेस्टवाल्यांच्या खाकीचं पितळी बटण म्हणजे पन्नास. दाऊदभाई इतके हरत होते की त्या महिन्यात जव्हारातले निम्मे शर्ट गळ्याशी टाचणी लावून फिरत होते.

तर अभ्यास सुरू झाला. मापांच्या वहीत छाती छत्तीस, कंबर बत्तीसच्या शेजारी दाऊदभाई बारीक अक्षरात टिपणं करू लागले. 'भिका मास्तर – जोडी आली की चष्मा पुसतात.' 'शरीफ – तीन सारखे आले की खोकतो. खोकला की पत्ते टाकून द्यावेत.' हे दुसरं टिपण त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. वीस वर्षं सात समुद्रांवर मुरलेल्या माणसाची किल्ली त्यांना सापडली होती!

पुढच्या शुक्रवारी जव्हारात अशी थंडी पडली की माठातलं पाणी दातांना डसत होतं. शरीफला पडसं झालेलं. तो आल्यापासून खोकत होता. पत्ते वाटताना खोकला, पिसताना खोकला, चहा पिताना खोकला. आणि दर खोकल्याला दाऊदभाई मुकाट पत्ते खाली ठेवत होते. एकदा तर हातात पाचही बदाम होते, तीन सारख्यांनाही भारी पडणारा डाव. शरीफ खोकला. दाऊदभाईंनी पाची बदाम सुतक पाळावं तसे पालथे घातले.

"दाऊदभाई," भिका मास्तर न राहवून म्हणाले, "खेळताय की पत्ते वाळत घालताय?"

संध्याकाळी डब्यात एक पांढरं बटण उरलं. तेही फुटकं.

वैतागून दाऊदभाईंनी वहीच शरीफपुढे टाकली. त्यानं टिपण वाचलं आणि हसून हसून त्याला पुन्हा खोकल्याची उबळ आली. मग डोळे पुसून तो म्हणाला, "भाई, तू दुसऱ्याचं तोंड वाचायला निघालास, पण तुझं स्वतःचं तोंड म्हणजे चावडीवरचा फळा! राणी आली की भुवया वर, गुलाम आला की ओठ खाली. आधी तो फळा पुसून टाक."

"कसा?"

"त्या कप्तानाचा चेहरा दगडाचा होता. त्याला मुलगा झाल्याची तार आली, तेव्हाही आम्हाला वाटलं, सूप खारट झालं असेल."

दाऊदभाईंनी त्याच क्षणी ठरवलं. एकवीस दिवस! हसणं बंद, रुसणं बंद, भुवया बंद. एकवीस दिवसांनी असा चेहरा घडवायचा की खुद्द शरीफ त्यापुढे चाचपडेल.

गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशासमोर ते रोज तासभर बसू लागले. चौथ्या दिवशी डोळे स्थिर झाले. सहाव्या दिवशी गाल. नवव्या दिवशी बोटात सुई घुसली तरी चेहऱ्यावरची माशी उडाली नाही.

त्याच नवव्या दिवशी दाभोशाहून कोंडी आली. तिच्या लेकीचं लग्न होतं आणि लग्नाचा झंपर दाऊदभाईंकडे शिवायला टाकला होता. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "शिंपीदादा, झंपर झाला का?"

दाऊदभाईंनी तिच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं.

कोंडीचा चेहरा उतरला. "जळला का काय? इस्तरीखाली गेला?"

"तयार आहे," दाऊदभाई भिंतीसारखे बोलले.

कोंडीनं झंपर उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, शिवणी ओढून पाहिल्या. कुठे डाग नाही, भोक नाही. झंपर सुरेख झाला होता! तेव्हा तर ती फारच घाबरली. म्हणजे झंपर ठीक आहे, माणूसच ठीक नाही. "दादा, घरात कोन गेला का?" तिनं कुजबुजत विचारलं. दाऊदभाईंनी पापणी हलवली नाही.

बाजारातून जीपपर्यंत जाताना कोंडीनं भेटेल त्याला सांगितलं, "शिंप्याच्या तोंडावरशी वारा गेला!"

संध्याकाळच्या आत सगळ्या पेठेत झालं, दाऊदभाईंना लकवा मारला. एकजण तिळाचं तेल घेऊन आला, एकजण जायफळ. कुणीतरी जिवंत कबुतर आणलं, ते कशासाठी हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. मशिदीतले बुजुर्ग दुआ करून गेले. माणसं ओळीनं येत होती, दाऊदभाईंच्या तोंडाकडे बघत होती आणि 'च्‌ च्‌' करून जात होती.

आणि दाऊदभाईंना आतून काय वाटत होतं? उकळ्या फुटत होत्या! सबंध जव्हार आपलं तोंड वाचायला आलं आणि एकालाही एक अक्षर लागलं नाही! सगळे गेल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'नववा दिवस. गाव फसला.'

झरीनाबीनं कबुतर सोडून दिलं, तेल चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "एकोणिसाव्या दिवशी बुधवार आहे. मोखाड्याची माणसं राबियाला बघायला येणार. त्या दिवशी तरी हे बंद ठेवा."

दाऊदभाईंनी मान हलवली. पण मनात आलं, एकोणीस दिवसांची तपश्चर्या दोन दिवसांसाठी मोडायची? शिवाय शरीफच म्हणाला होता, "सोयरिकीत तर फार जपावं, भाई. आपली घाई दिसली की समोरचा चढून बसतो."

राबिया ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या हाताची शिवण दाऊदभाईंपेक्षा बारीक होती. मुलगा मोखाड्याच्या पंचायत समितीत कारकून. दोघांनी एकमेकांना एकदाच, एस.टी.त पाहिलं होतं. त्यानं तिच्या म्हाताऱ्या आत्याला जागा दिली होती. त्यानंतर राबिया उगाचच एस.टी.चं वेळापत्रक पाठ म्हणायची. घरात सगळ्यांना कळत होतं. हे स्थळ हातचं जाऊन चालणारच नव्हतं.

बुधवारी दुपारच्या गाडीनं मुलाचे आईवडील आले. मंसूरभाई मोखाड्याचे भुसारी व्यापारी, मोठ्या मनाचे, पण जरा तापट. ते दुकानातच, टेबलाच्या पलीकडे, दाऊदभाईंसमोर खुर्चीवर बसले. त्यांची बायको शहरबानो आतल्या दाराशी चटईवर, झरीनाबीच्या शेजारी बसली.

"तब्येत कशी आहे?" मंसूरभाईंनी काळजीनं विचारलं. "आमच्या बाजारात ऐकलं, तोंडावरून वारं गेलं म्हणून."

"काही नाही झालं," झरीनाबी घाईघाईनं म्हणाली. "लोक काहीही बोलतात. एकदम ठणठणीत आहेत."

झालं! आजाराची वाट बंद झाली. आता त्या चेहऱ्याचा दुसरा अर्थ लावायचा तो लावा!

राबिया पाणी देऊन गेली. शहरबानोनं तिच्या ओढणीवरचं भरतकाम हातात धरून पाहिलं आणि नवऱ्याकडे बघून मान डोलवली. मंसूरभाई खाकरले. "दाऊदभाई, मुलगी आम्हाला पसंत आहे."

दाऊदभाईंच्या काळजात ढोल आणि तारपा एकदमच वाजायला लागले. चेहऱ्यावर? काही नाही. डोंगर!

मंसूरभाई थांबले. घड्याळ टिकटिकलं. "म्हणजे... जहेज वगैरे आम्हाला काही नको. नेसत्या कपड्यानं पाठवा."

डोंगर.

"वऱ्हाड चाळीसाच्या वर आणणार नाही." पुन्हा टिकटिक. "बरं, तीस."

डोंगर.

मंसूरभाईंनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मुलीला शिवणाचं मशीन आम्ही घेऊन देऊ. नवं!"

दाऊदभाईंना आतल्या आत भोवळ आली. या अल्लाह! ही तर हूल! आपण दिलीही नाही आणि लागू पडली! समोरचा माणूस एकटाच बोली वाढवतोय, आणि आपण नुसते बसलोय! हेच ते. हीच ती कप्तानाची विद्या. आता बोलावं, 'कबूल' म्हणावं, हे त्यांना कळत होतं. पण त्या ताकदीकडे बघतच राहावंसं वाटलं. आणखी एक क्षण. फक्त एक.

तेवढ्या एका क्षणात मंसूरभाई उभे राहिले.

"दाऊदभाई," त्यांचा आवाज कापत होता, "मोखाड्याचा बोहाडा आम्ही लहानपणापासून बघतो. एवढाले लाकडी मुखवटे, पण आड माणूस आहे हे समजतं. इथे काहीच समजेना. आमचं घराणं पसंत नसेल, तर सरळ सांगायचं होतं!"

दाऊदभाई दचकले. त्यांनी घाईघाईनं हसायचं ठरवलं. पण एकोणीस दिवस कुलूपबंद असलेलं हसू! ते एका बाजूनंच उघडलं. डावा ओठ वर गेला, उजवा जागीच राहिला, आणि एक दात बाहेर आला.

"वर हसताय!" मंसूरभाई कडाडले आणि पायऱ्या उतरून चालायला लागले. शहरबानो पदर सावरत त्यांच्या मागे. बाहेर पडताना तिनं झरीनाबीकडे वळून पाहिलं.

आतून राबियाच्या हुंदक्याचा आवाज आला.

दाऊदभाईंचा चेहरा आता खरोखरच फुटला. डोळे भरले, हनुवटी लटपटायला लागली. सगळी विद्या गळून पडली आणि आत जो बाप होता तो उघडा पडला. "मी... मी स्टँडवर जातो. पाय धरतो त्यांचे!" एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात राबियाची घालून ते दाराकडे धावले.

"बसा," झरीनाबी म्हणाली.

"अगं, चारची मोखाडा गाडी लागली असेल!"

"लागू दे. आता धावलात तर सगळंच बिघडेल. मंसूरभाई तापलेत. तापलेल्या इस्तरीला हात लावतात का? बसा. ते येतील परत." आणि तिनं शांतपणे चहाचं आधण ठेवलं. चार कप पुसून ओळीनं मांडले.

दाऊदभाई तिच्याकडे बघत राहिले. "कशावरून येतील?"

"शहरबानोबी तुमच्या तोंडाकडे एकदाही बघत नव्हत्या."

"मग कुठे बघत होत्या?"

"तुमच्या पायाकडे."

"पायाकडे? पायाला काय झालंय?"

झरीनाबीनं साखरेचा डबा खाली ठेवला. "राबियाचे अब्बा, तीस वर्षं तुम्ही मशीन चालवताय. मनात आनंद झाला की तुमचा उजवा पाय चालायला लागतो. टाच, बोटं, टाच, बोटं! मंसूरभाई 'पसंत' म्हणाले तेव्हा सुरू झाला. नवं मशीन म्हणाले तेव्हा तर एवढा पळत होता की त्यात एक अख्खा पायजमा शिवून झाला असता! मंसूरभाई खुर्चीवर, त्यांना तुमचं तोंडच दिसलं. आम्ही दोघी खाली चटईवर. आम्हाला पाय दिसला."

"तुला... हे आधीपासून ठाऊक होतं?"

"दर शुक्रवारी मी पडद्याआड काजं करत बसते. मान खाली असते. मला तुमची तोंडं दिसतच नाहीत, पडद्याखालून टेबलाखालचं दिसतं. तुमचा पाय चालला की शरीफभाई पत्ते टाकतात, थांबला की डबा पुढे ढकलतात. मला वाटलं, खेळाची तशीच रीत असेल."

दाऊदभाई मटकन खुर्चीत बसले. एकीकडे पन्नास पानांची वही, एकवीस दिवसांचं व्रत, सात समुद्र, कप्तान... आणि इकडे ही बाई, हातात सुई, नजर खाली, आणि सगळं टेबल हिच्या मुठीत! त्यांना तिच्याशी वीस वर्षं संसार केल्याची एकदम भीतीच वाटली. पुढ्यात धबधबा होता आणि आपण आजवर त्यावर भांडी घासत होतो!

स्टँडच्या बाजूनं गाडीचा हॉर्न वाजला. राबिया दारात येऊन उभी राहिली. गाडी घरघरली, वळण घेतलं, आवाज मोखाड्याच्या रस्त्याला लागला आणि विरत गेला. आधण उकळून वर आलं. झरीनाबीनं चहा टाकला. तिचा हात स्थिर वाटत होता, पण दाऊदभाईंनी पहिल्यांदाच नीट बघितलं, चमचा पातेल्याला लागून किंचित किणकिणत होता. म्हणजे तिलाही खात्री नव्हती! हातात कुठला पत्ता आहे ते न बघता ती सगळा डबा पुढे सरकवून बसली होती!

पायरीवर पावलं वाजली.

"वहिनी, चहा आहे का?" शहरबानोचा आवाज.

"ठेवलाय," झरीनाबी म्हणाली, आणि तिनं सोडलेला श्वास सगळ्या घराला ऐकू आला.

शहरबानो हसत आत आली, मागून ओशाळलेले मंसूरभाई. "यांना स्टँडवर समजावून सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, भाईसाहेबांच्या तोंडावर जाऊ नका. माणूस वरून मुखवटा आहे, पण खाली नाचतोय! आनंदानं नाचणाऱ्याच्या घरातून उठून जातात का? हे म्हणतात, मला दिसलं नाही. म्हटलं, तुम्हाला तराजूचा काटा सोडून दिसतं काय!"

मंसूरभाईंनी दाऊदभाईंचा हात धरला. "खरंच कबूल आहे ना, भाई?"

"कबूल! कबूल!" दाऊदभाई ओरडले, आणि एकोणीस दिवसांचं तुंबलेलं हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं.

"वऱ्हाड चाळीसच आणा, भाईसाहेब," झरीनाबी कप पुढे करत म्हणाली. "मशीनही नको, अब्बाचं जुनं घेऊन येईल ती. एकच मागणं आहे. लग्नानंतर तिची शिवण थांबवायची नाही."

शहरबानोनं झरीनाबीकडे पाहिलं. झरीनाबीनं शहरबानोकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यावरून दाऊदभाईंना काहीही कळलं नाही. पण काहीतरी मोठं ठरलं, एवढं खरं. "दिलं!" शहरबानो म्हणाली.

पाहुणे शेवटच्या गाडीनं गेले. दाऊदभाई वही घेऊन चुलीपाशी आले, विद्यार्थ्यासारखे उकिडवे बसले. "झरीना, मला शिकव. माणसं वाचायची कशी? थांब, लिहून घेतो."

"तिथेच चुकतं," ती भाकरी थापत म्हणाली. "लिहिताना तुमची नजर वहीत असते. तेवढ्यात माणसं काय करतात, ते कोण बघणार?"

हे वाक्य दाऊदभाईंनी वहीत लिहून घेतलं.

ईदच्या आधीचा शुक्रवार आला. दाऊदभाईंनी शरीफला पायाचं विचारलं. शरीफ बिनदिक्कत म्हणाला, "ठाऊक होतं की! बोटीत इंजिन सुरू झालं की तळपायाला कळतं. तुझं टेबल तसंच थरथरतं. मला वाटलं, भाई, तू मुद्दाम करतोस. पाहुण्याला जिंकू द्यावं म्हणून!"

भिका मास्तर छताकडे बघू लागले. म्हणजे त्यांनाही!

दाऊदभाईंनी दोन्ही पाय उचलले आणि खुर्चीवर पक्की मांडी घातली. पत्ते वाटले गेले. पहिला पत्ता, राणी. दुसरा, राणी. बदलून घेतलेल्यात आणखी दोन राण्या! चार! एवढा डाव जव्हारात कुणाला लागला नव्हता. चेहरा दगडाचा. पाय मांडीखाली. त्यांनी पांढरं एक बटण अगदी निष्काळजीपणानं पुढे सरकवलं आणि वाट बघू लागले.

शरीफनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पत्ते टाकले. भिका मास्तरांनीही टाकले.

चार राण्यांवर दाऊदभाईंना मिळाली डाव सुरू करताना दोघांनी ठेवलेली दोन बटणं. पांढरी.

"आता का टाकलेत?" ते कळवळून ओरडले. "चेहरा बंद! पाय बंद! आता काय दिसलं?"

दोघं काही बोलायच्या आत पडद्याआडून झरीनाबीचा आवाज आला, "राबियाचे अब्बा, आधी श्वास घ्या! पत्ते उचलल्यापासून धरून बसलाय!"